वर्गांतील संगणक

चाकणच्या एखाद्या कारखान्यांत मोटारीच्या सुट्या भागांची पेटी उघडली, कीं कामगार प्रथम त्या भागावरील एका लहानशा चौकोनी खुणेवर हातांतील स्कॅनर धरतो. बारीकसा आवाज होतो, आणि तो भाग कोणी घडविला, केव्हां घडविला, कोणत्या गाडींत बसवावयाचा, ही सारी नोंद समोरच्या पडद्यावर उमटते. पाळी संपवून हा कामगार रावेतला आपल्या खोलीवर येतो. घरीं सहावींतली मुलगी पुस्तक उघडून बसलेली असते. त्या पुस्तकाच्या पानावरहि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची तीच खूण छापलेली असते, आणि मुलगी म्हणते, "बाबा, जरा मोबाइल द्या ना, धडा बघायचा आहे."

खूण एकच. परंतु कारखान्यांत ती जें काम दिवसांतून हजारों वेळां बिनचूक करते, तें काम शाळेंत तितक्या सहजपणें कां होत नाहीं? संगणकाचें वर्गांतील स्थान कोणतें, हा सारा विषय या साध्या प्रश्नांत सांठलेला आहे.

रावेत हें पवनेच्या कांठचें गांव; एके काळीं शेतीवर जगणारें. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत आलें. त्यानंतर तेथें उंच इमारती उठल्या, रुंद रस्ते झाले, अभियांत्रिकी महाविद्यालय आलें. त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास संगणक म्हणजे रोजच्या वापरांतली वस्तु. परंतु याच परिसरांत बांधकामावरचे मजूर, कारखान्यांतले कंत्राटी कामगार व घरकाम करणाऱ्या बायका यांचीहि वस्ती आहे. कोणी मराठवाड्यांतून आलेलें, कोणी कर्नाटकाच्या सीमेवरून, कोणी थेट बिहारमधून. त्यांचीं मुलें सार्वजनिक शाळांत शिकतात. सधन घरच्या मुलाला शाळेंतला संगणक ही घरच्या संगणकाला जोड असते. या मुलांच्या वांट्याला बहुधा तो एकच येतो. म्हणून तो वर्गांत कसा वापरला जातो, याची किंमत त्यांना अधिक मोजावी लागते.

आतां त्या चौकोनी खुणेविषयीं. तिला सर्वजण क्यूआर कोड म्हणतात. ती शाळेसाठीं जन्मास आलेलीच नव्हे. मोटारीचे भाग तयार करणाऱ्या डेन्सो या जपानी कंपनींतील मासाहिरो हारा हे अभियंते व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं ती तयार केली, आणि तिचा हेतु कारखान्यांतील भागांची नोंद ठेवणें हाच होता. त्यापूर्वी उभ्या रेघांची खूण चालत असे. तिच्यांत वीसेक अक्षरें मावत, म्हणून एकाच पेटीवर अशा अनेक खुणा वाचाव्या लागत. नव्या खुणेंत माहिती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनीं भरलेली असल्यामुळें, केवळ अंकच घातले तर ते सात हजारांवर मावतात. तिच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. त्यांवरून यंत्रास खूण कोठें आहे आणि तिची वरची बाजू कोणती हें कळतें. त्यामुळें ती वांकडीतिकडी धरली तरी चालते. शिवाय माहितीची कांहीं पुनरुक्ति आंत अशा हिशेबानें केलेली असते कीं, तेलाचा डाग पडून किंवा घासून खुणेचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भाग गेला, तरी तेवढ्या जपणुकीनें बनविलेली खूण वाचतां येते. कारखान्यांतल्या मळक्या हातांची काळजी घेऊनच ती घडविलेली आहे. शाळेंतल्या मळक्या हातांसहि ती म्हणूनच चालली.

महाराष्ट्रांत पाठ्यपुस्तकांना ही खूण प्रथम जोडली गेली ती सोलापूर जिल्ह्यांत, माढा तालुक्यांतील परितेवाडी येथें. २००९ सालीं रणजितसिंह डिसले तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षक म्हणून गेले, तेव्हां शाळेची इमारत पडकी असून एका बाजूस गुरांचा गोठा व दुसऱ्या बाजूस कोठी अशी तिची स्थिति होती. अशा ठिकाणीं त्यांनीं पुस्तकाच्या पानांस खुणा जोडल्या आणि त्यांवाटे मुलांना कविता ऐकावयास, गोष्टी व पाठ पाहावयास आणि स्वाध्याय सोडवावयास मिळूं लागले. २०१७ सालीं राज्य शासनानें पहिली ते बारावीच्या पुस्तकांत अशा खुणा घालण्याचें जाहीर केलें, आणि २०१८ सालीं राष्ट्रीय पातळीवरील एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठींहि तसाच निर्णय झाला. ३ डिसेंबर २०२० रोजीं डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ हें दहा लक्ष डॉलरचें पारितोषिक जाहीर झालें, व त्यांतली निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांत वांटून दिली. त्या दिवसांत चर्चा झाली ती बहुतेक रकमेची. खुणेचा विचार मागेंच राहिला.

तो विचार असा कीं, पुस्तकांतील खुणेंत धडा नसतो. असतो तो फक्त पत्ता. पोस्टकार्डावर पत्ता लिहिला म्हणजे पत्र लिहिलें असें होत नाहीं. त्या पत्त्यावर गेल्यावर काय सांपडतें, तें ऐकण्याच्या वेळीं मुलाच्या मनांत कोणता प्रश्न असतो, आणि ऐकून झाल्यावर त्याला काय करावयास सांगितलें जातें, यावर खुणेचें मोल ठरतें. कवितेची चाल छापतां येत नाहीं. तेथें खूण उपयोगाची. ज्वालामुखीचा उद्रेक फळ्यावर काढतां येत नाहीं, तेथेंहि उपयोगाची. परंतु जो उतारा पानावर छापलेलाच आहे, तो कोणीतरी पडद्यावर वाचून दाखवितो एवढ्यासाठीं मोबाइल काढावयाचा, तर मुलाची वाचनाची संवय मात्र जाईल. कारखान्यांतील भागाला प्रश्न पडत नाहीं. त्याला पत्ता पुरतो. मुलाला पुरत नाहीं.

यंत्र शाळेंत येण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. १९८४-८५ सालीं भारत सरकारनें 'क्लास' नांवाची योजना काढून प्रथम सुमारें अडीचशें शाळांना संगणक दिले. तें यंत्र ब्रिटनमधील अॅकॉर्न कंपनीचें, 'बीबीसी मायक्रो' या नांवाचें. त्याची स्मृति अवघी बत्तीस किलोबाइट. आजच्या साध्या मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. धडेहि आरंभीं ब्रिटनमध्येंच तयार झालेले आले. यंत्र दुर्मिळ, म्हणून त्याला निराळी खोली. खोली निराळी, म्हणून तिला कुलूप. पुढें यंत्रें स्वस्त झालीं, शाळाशाळांतून संगणक-कक्ष निघाले, तरी ती कुलपाची रीति पुष्कळ ठिकाणीं तशीच राहिली. दाराबाहेर चपला काढावयाच्या, यंत्रावर कापडी खोळ, आठवड्यांतून एक तास, आणि एका यंत्राभोंवतीं सहा मुलें. त्या तासांत शिकवावयाचें काय, तर माउस कशास म्हणावें आणि मॉनिटर कशास म्हणावें. पोहावयास शिकवितांना नदीच्या कांठीं बसवून पाण्याच्या व्याख्या पाठ करून घेण्यासारखेंच तें होतें. मुलें व्याख्या लिहीत, गुण मिळवीत, आणि कळफलकास हात न लावतां वरच्या इयत्तेंत जात.

दोष यंत्राचा नव्हता. गणिताचा तास निराळा, भूगोलाचा निराळा आणि संगणकाचा तिसराच, ही विभागणी चुकीची होती. संगणकाचा पाठ ही एक गोष्ट, आणि पाठांतला संगणक ही दुसरी.

त्यानंतर भिंतीवर चित्र टाकणारा प्रोजेक्टर आणि बोटानें चालणारा फळा आला. पिंपरी-चिंचवडमध्येंहि स्मार्ट सिटी योजनेखालीं महापालिकेच्या शाळांतून ई-वर्ग उभारण्यांत आले. कुलूप गेलें, हें चांगलेंच झालें. पण या साधनाचा मोह निराळा आहे. पडद्यावर रंगीत चित्र हलूं लागलें कीं साठ मुलांचा वर्गहि चिडीचूप होतो, आणि ती शांतता म्हणजेच शिक्षण असा समज होण्यास वेळ लागत नाहीं. हृदयाचें कार्य दाखविणारी चित्रफीत घ्या. ती आरंभापासून शेवटपर्यंत दाखविली तर मुलांना ती आवडते व दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं. तीच चित्रफीत झडप मिटण्याच्या क्षणीं थांबवून शिक्षकानें विचारावें, "आतां हें रक्त कोणत्या बाजूला जाईल? वहींत बाण काढा." मुलांनीं बाण काढावेत, कांहींचे चुकावेत, शेजाऱ्याशीं वाद व्हावा, आणि मग चित्र पुढें चालू करावें. अडीच मिनिटांच्या चित्राला पंचवीस मिनिटें लागतील. तीं लागूं द्यावींत. या साधनांतील सर्वांत मोलाची कळ चित्र थांबविण्याची आहे.

जगांतील अनुभवहि हेंच दाखवितो. 'एका मुलास एक लॅपटॉप' अशी चळवळ अमेरिकेंतून निघाली, तेव्हां भारतांत तिचा पहिला प्रयोग २००७ सालीं रायगड जिल्ह्यांत कर्जतकडील खैराट या लहानशा गांवच्या शाळेंत झाला. मुलांनीं यंत्रें लौकरच आपलीशीं केलीं. परंतु ज्या पेरू देशांत तीच यंत्रें फार मोठ्या संख्येनें वांटलीं गेलीं, तेथील शेकडों ग्रामीण शाळांची रीतसर तपासणी होऊन २०१२ सालीं निष्कर्ष आला, तो असा कीं, गणित आणि भाषा या विषयांत मुलांच्या गुणांवर परिणाम आढळला नाहीं. यंत्रें दिलीं होतीं. पाठ मात्र पूर्वीचेच होते. २०१५ सालीं आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें अनेक देशांची तुलना केली, तेव्हां शाळांतील संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांतहि वाचन, गणित व विज्ञान यांत लक्षांत येण्याजोगी सुधारणा दिसली नाहीं. २०२३ सालीं स्वीडनच्या सरकारनें तर छापील पुस्तकांसाठीं निराळा पैसा काढला.

यावरून संगणक व्यर्थ, असें म्हणणारे पुष्कळ निघतात. त्यांनीं दिल्लीचा अनुभव पाहावा. तेथें सहावी ते नववीच्या मुलांसाठीं शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांची परीक्षा अर्थशास्त्रज्ञांनीं केली व ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. कोणत्या मुलांना प्रवेश मिळावा हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें होतें, म्हणून तुलना न्याय्य होती. तेथील संगणक प्रथम मुलाची चांचणी घेई. नांवाला आठवींत असलेल्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसला, तर तो त्यास चौथीचाच भागाकार देई. आला तर पुढें नेई, चुकला तर चूक कोणत्या जातीची आहे हें पाहून पुन्हां मागें आणी. दीड तासांपैकीं निम्मा वेळ हें चाले आणि निम्मा वेळ लहान गटांत शिकविणाऱ्या माणसाजवळ जाई. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितांतील व हिंदींतील प्रगति इतरांपेक्षां स्पष्टपणें अधिक झाली. येथें यंत्रानें तें काम केलें जें एका शिक्षकास साठ मुलांच्या वर्गांत शरीरानेंच शक्य नाहीं: प्रत्येकाची निराळी चूक ओळखणें. आणि वर्गांत सर्वांदेखत चौथीचें गणित सोडविण्याची जी लाज वाटते, तीहि यंत्रापुढें वाटत नाहीं. शिकविणाऱ्यांपैकीं ज्यांनीं मागच्या बांकावरील मूल नीट पाहिलेलें आहे, त्यांना या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको.

आतां पाठांत संगणक कसा मिसळावा, याचें एक उदाहरण रावेतच्याच मातींतलें घेऊं. पवना धरण मावळांत आहे. त्याची क्षमता सुमारें साडेआठ अब्ज घनफूट. धरणांतून सोडलेलें पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतें. तेथून तें उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे चढविलें जातें आणि शहराला पुरविलें जातें. म्हणजे साऱ्या पिंपरी-चिंचवडच्या तहानेचा मोठा भाग या गांवाच्या कांठीं उचलला जातो. २०१९ च्या नोव्हेंबरांत शहरांत एक दिवसाआड पाणी सोडण्याची पद्धति सुरू झाली. नळाला पाणी केव्हां येतें, किती वेळ येतें, हा तेथील प्रत्येक मुलाच्या घरचा विषय आहे. भांडीं भरण्याचें काम पुष्कळदां मुलींवरच असतें.

सातवीच्या वर्गांत सरासरी शिकवावयाची आहे असें समजा. पुस्तकांतल्या फलंदाजाच्या धांवांऐवजीं प्रत्येक मुलानें घरच्या पाण्याची नोंद करावी: पाणी आलें कीं नाहीं, किती वाजतां आलें, किती मिनिटें टिकलें, हंडे किती भरले. हंडा किती लिटरचा हें ठरविण्यासाठीं एक लिटरच्या बाटलीनें तो भरून पाहावा. येथेंच मापनाचा एक धडा फुकट पदरीं पडतो. चौदा दिवसांत चाळीस मुलांच्या पांचशें साठ नोंदी होतील. आपल्या एका घराची सरासरी प्रत्येकानें पाटीवर किंवा वहींतच काढावी. बेरीज हातानें, भागाकार हातानें. हें टाळतां उपयोगी नाहीं. कारण ज्यानें भागाकार केलेला नाहीं, त्याला यंत्रानें दिलेलें उत्तर खरें कीं खोटें हें कधींच कळणार नाहीं. मात्र पांचशें साठ आंकड्यांची बेरीज हातानें करावयाची, तर तास बेरजेंत संपेल आणि विचार तसाच राहील. येथें संगणकाची पाळी येते.

एका मुलानें नोंद वाचावी, दुसऱ्यानें एक्सेलच्या तक्त्यांत भरावी. चाळीस घरांपैकीं प्रत्येक घरीं पाणी साठ मिनिटें आलें असें घटकाभर धरा. भरणाऱ्याचें बोट चुकून एका ठिकाणीं साठाच्या जागीं सहाशें पडले, तर सरासरी साठावरून एकदम साडेत्र्याहत्तरावर जाते. यंत्र तक्रार करीत नाहीं. त्याला दहा तास नळ चालणें आणि एक तास चालणें सारखेंच. वर्गांत कोणीतरी मुलगी उठून म्हणते, "सर, आमच्याकडे एवढा वेळ पाणी कुणालाच येत नाही." त्या वाक्यांत गणिताचा तास सार्थकीं लागतो. पुढची पायरी याहून मोलाची. दहा घरांपैकीं नऊ घरांत माणशीं शंभर लिटर पाणी मिळतें आणि मोठ्या टांकीच्या एका घरांत हजार लिटर. सरासरी येते एकशें नव्वद. परंतु एकशें नव्वद लिटर तर एकाहि घरीं मिळत नाहीं! आंकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनें लावून मधला घेतला, तर तो येतो शंभर. सरासरी आणि मध्यक यांतला भेद व्याख्येनें शिकविला तर परीक्षेपुरता टिकतो. या पाण्यानें शिकविला तर मूल तो सहसा विसरणार नाहीं. यंत्रानें येथें एवढेंच केलें कीं कष्टाची बेरीज उचलली, क्षणांत आलेख काढून दाखविला, आणि प्रश्नासाठीं तास मोकळा करून दिला.

या नोंदींवरून मुलांनीं प्रभागाच्या कार्यालयाकडे पाठविण्याजोगें एक पत्रहि लिहावें, व तें संगणकावर मराठींत टंकावें. येथें एक अडचण हमखास उभी राहते. बहुतेक मुलें, आणि पुष्कळ शिक्षकहि, मराठी शब्द आधीं इंग्रजी अक्षरांत फोडून टंकतात व यंत्रानें त्याचें देवनागरी करावें अशी अपेक्षा ठेवतात. म्हणजे 'आई' लिहावयास प्रथम इंग्रजी स्पेलिंग सुचलें पाहिजे. दुसरींतल्या मुलाला हा उलटा घांस कशासाठीं? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट नांवाची कळफलकाची मांडणी सर्व भारतीय लिप्यांसाठीं प्रमाण म्हणून ठरविली, आणि ती आपल्या वर्णमालेच्या रचनेवरच बेतलेली आहे. डाव्या हातास स्वर, उजव्या हाताकडे मुख्यत्वें व्यंजनें. ज्या कळेवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख; ग च्या कळेवर घ, त च्या कळेवर थ, प च्या कळेवर फ. अल्पप्राण खालीं, महाप्राण वर. इ ची वेलांटी ज्या कळेवर, तीच शिफ्ट दाबून उमटविली कीं पूर्ण इ. जोडाक्षर बोलतांना जसें जुळतें तसेंच टंकावयाचें: पहिलें व्यंजन, पायमोडका, दुसरें व्यंजन. ही मांडणी शिकणारें मूल नकळत वर्णमालेची उजळणी करतें, आणि तिच्यावर बोट बसलेल्या मुलाला कन्नड किंवा हिंदी टंकावयासहि नवें कांहीं शिकावें लागत नाहीं, कारण कळा त्याच. रावेतसारख्या ठिकाणीं, जेथें एका बांकावर तीन मातृभाषा बसतात, तेथें ही सोय लहान नव्हे. पंधरा दिवस रोज वीस मिनिटें दिलीं तर हात बसूं लागतो. हें काम अजून नेटानें होत नाहीं याचें आश्चर्य वाटतें.

यंत्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें शाळा बंद झाल्या आणि वर्ग एकाएकीं मोबाइलमध्यें शिरला. ज्या घरीं एकच मोबाइल, तो बापाच्या खिशांत, आणि बाप पाळीवर, त्या घरचें मूल सकाळच्या तासाला गैरहजर. दोन भावंडें असलीं तर एक हजर, एक गैरहजर. आणि गैरहजर कोण, हें बहुधा मुलगा कीं मुलगी यावरून ठरे. महिन्याचा डेटा संपला कीं तासहि संपला. उद्योगनगरींतून गांवीं परत गेलेल्या मजुरांचीं मुलें तर कोणत्याच पटावर राहिलीं नाहींत. त्या काळीं जुनीं साधनें पुन्हां उपयोगी पडलीं, ही गोष्ट श्रोत्यांस विशेष वाटेल. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम विदर्भांतल्या मुलांपर्यंत गेला. दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवरून जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका बालभारतीच्या पुस्तकांना धरून पण घरांतल्या वस्तूंच्या साह्यानें मुलांना कृति करावयास लावीत होती. रेडिओ संच साऱ्या घराचा असतो. तो कोणाच्या खिशांत कारखान्यांत जात नाहीं. नवें यंत्र आलें म्हणून जुनें टाकून द्यावयाचें नसतें, हा धडा त्या दोन वर्षांनीं फार महाग किंमतीस दिला.

राहिला प्रश्न शिक्षकाच्या वेळेचा. प्रशिक्षण म्हणजे यंत्राचीं बटणें दाखविणें, अशी समजूत रूढ आहे. दोन दिवसांत तीं बटणें कोणासहि येतात. वर दिलेला पाण्याचा धडा योजावयाला मात्र दोन रात्री लागतात. नोंदीचा तक्ता आंखणें, कोणत्या घरीं नोंद होणार नाहीं हें आधीं ओळखून त्या मुलास शेजारच्या घराशीं जोडून देणें, चित्रफीत आधींच घरीं उतरवून पेन ड्राइव्हमध्यें आणणें, कारण शाळेंतल्या जाळ्याचा भरंवसा नाहीं. हा वेळ कोणत्याहि वेळापत्रकांत दाखविलेला नसतो, आणि तो नसेल तर पन्नास हजारांचा फळा पांढरी भिंत होऊन बसतो. वीज गेली तर काय करावयाचें हेंहि ठरलेलें असावें. यंत्र बिघडलें तर दुरुस्तीचा पैसा कोठून यावयाचा, हें खरेदीच्या दिवशींच ठरलें पाहिजे. पुष्कळ शाळांच्या कपाटांतील धूळ खाणारे संच याच एका प्रश्नाच्या उत्तरावांचून तेथें पडलेले आहेत.

बसण्याची रचना तितकीच महत्त्वाची. एका यंत्रापुढें तिघें मुलें बरीं. एकाच्या हातीं कळफलक, दुसऱ्याच्या हातीं नोंदींचा कागद, तिसऱ्याच्या हातीं पेन्सिल. त्यानें यंत्राचें उत्तर अंदाजानें ताडून पाहावयाचें. दर दहा मिनिटांनीं जागा बदलावयाच्या, आणि घंटा शिक्षकानें स्वतः द्यावयाची. नाहीं तर धीट मूल कळफलक सोडीत नाहीं व बुजरें मूल वर्षभर पेन्सिलच धरून राहतें.

आणि सहावींतली ती मुलगी? बाप दुसऱ्या पाळीस असला म्हणजे मोबाइल मध्यरात्रीच्या आधीं घरीं येत नाहीं. म्हणून खुणेवरचा धडा सकाळीं वर्गांतच, शाळेच्या यंत्रावर सर्वांनीं मिळून पाहून घ्यावा, आणि घरीं द्यावयाचें काम मोबाइलवांचून होणारें असावें: उद्यां पाणी आलें कीं किती वाजतां आलें तें लिही, किती हंडे भरले तें मोज, आणि शेजारच्या काकूंना विचारून त्यांचेहि मोजून आण.